मिटत चाललेली भेग

१

गुरुवारचा माझा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी साडेसातला भंडाऱ्याच्या स्टँडवरून साकोलीची एसटी, तिथून काळीपिवळी जीपनं सानगडी, आणि सानगडीच्या पुढे तीन किलोमीटर, जो मोटरसायकलवाला भेटेल त्याच्या मागे बसून. पिशवीत स्टीलचा टेप, व्हर्नियर, ओळंबा, काचेच्या पट्ट्या, प्लास्टर ऑफ पॅरिसचा डबा आणि आईनं दिलेला जेवणाचा डबा. एकदा घाईत मी भेगेसमोर उभी राहून प्लास्टरऐवजी भेंडीची भाजी उघडली होती, पण ते सरांना सांगितलं नाही.

सर म्हणजे श्यामराव सर. भंडाऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. खाली दिवसभर पितळेवर हातोडी चालते, आणि वर सर त्या ठोक्यांच्या वरचा आवाज काढून बोलतात. घरीही तसंच बोलत असावेत. इमारती मोजणं, तपासणं, त्यांची किंमत ठरवणं हा त्यांचा धंदा. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी, दामिनी, वर्षभरासाठी त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. लॉगबुकच्या प्रत्येक पानावर सरांची सही झाली की मला स्वतःच्या नावानं काम करता येणार होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला.

“जे दिसते ते मोजाचं, जे मोजलं ते लिहाचं. आपलं मत टिफिनात ठेवाचं. समजलं?”

मला मतं फार. टिफिन लहान पडायचा.

तर ते गाव. तलावाच्या पाळीखाली बारा घरांची एक ओळ. पूर्वी तिथे बोडी, म्हणजे लहानसं तळं होतं, ते बुजवून लोकांनी घरं बांधली. खाली सगळी काळी कन्हार माती. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वर जे काही उभं असेल ते तिच्याबरोबर हलतं. यंदा एप्रिलमध्येच बाराही घरांना भेगा पडल्या, तेव्हा गावकऱ्यांनी सरांना बोलावलं. पाऊस लागायच्या आत कोणत्या घरांतली माणसं शाळेच्या खोल्यांत हलवायची, हे सांगायचं होतं. यादी जूनच्या पहिल्या गुरुवारी द्यायची. एखादं घर यादीतून सुटलं तर त्यात झोपलेली माणसंही सुटणार, एवढं मला कळत होतं.

पद्धत साधी आहे. भेगेच्या वरच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथली रुंदी दर आठवड्याला मोजायची. शिवाय भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि खाली तारीख लिहायची. भेग जागी असली की काच तुटते.

सातवं घर वीरेंद्र मिस्त्रीचं. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. गवंड्याच्या घराला भेग म्हणजे वैद्याच्या घरात खोकला, त्यामुळे त्यानं मला आधी बसायलाही सांगितलं नाही.

“माहं घर या बारा घराईत नोका धरू मॅडम,” तो म्हणाला. “बाकीच्याईनं ठेकेदाराकून बांधलं. हे मी अन् रितानं बांधलं. मी वीट लावली, थे गारा देत गेली. दुसऱ्या कोनाचा हात नाही लागला याले.”

रिता त्याची बायको. ती रेजा होती, म्हणजे गवंड्याच्या हाताखाली डोक्यावर घमेलं घेऊन विटा, रेती आणि गारा, म्हणजे कालवलेला माल वाहणारी. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. मागे राहिली गुंजन. पहिलीत शिकणारी, पुढचे दोन दात पडलेली, आणि कोणाच्याही पिशवीत हात घालायला न लाजणारी.

भेग आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीत होती, बरोबर गुंजनच्या खाटेवर. मी रुंदी मोजली. अकरा मिलिमीटर.

२

पुढच्या गुरुवारी बाराही घरांतल्या काचा तुटलेल्या होत्या. मे महिन्याचं ऊन होतं, माती आकसत होती, तुटायलाच हव्या होत्या. अकरा घरांत काचेच्या दोन तुकड्यांमध्ये फट पडली होती. भेग रुंदावली की तुकडे एकमेकांपासून लांब जातात, तसंच झालं होतं. मी आकडे लिहीत पुढे गेले.

सातव्या घरात तुकडे लांब गेले नव्हते. एक तुकडा दुसऱ्याच्या अंगावर चढला होता, आणि जिथे ते एकमेकांना भिडले होते तिथे काचेचा रवा झाला होता.

मी तशीच पाहत उभी राहिले. गुंजन खाटेवर उभी राहून माझ्या कोपराखालून पाहत होती.

“तुटली?”

“तुटली.”

“मंग मले दे ना.”

“हात कापते व. गप बस.”

रुंदी मोजली. नऊ. पुन्हा मोजली. व्हर्नियर पुसला, शून्य तपासलं, डाव्या हातानं मोजली, उजव्या हातानं मोजली. नऊच.

सरांना फोन लावला.

“सर, सात नंबरची भेग दोन मिलिमीटरनं कमी झाली.”

“भेग कमी होते का उन्हाळ्यात?”

“नाही होत. पन झाली. कदाचित व्हर्नियर...”

“नाचता येईना, अंगन वाकडं,” सर ओरडले. खालची हातोडी मलाही ऐकू येत होती. “मागच्या खेपेले चुकीचं वाचलं असशीन. लिही जे आहे ते, अन् गाडी पकड.”

मी लिहिलं. पण गाडीत बसल्यावर हे मला पटेना. अकरा मी तीनदा वाचलं होतं. चुका मी पुष्कळ करते, भाजीच्या डब्यासकट, पण आकड्यात नाही.

३

तिसऱ्या गुरुवारी सात.

आता मी डोकं चालवायला घेतलं. कन्हार माती ओली झाली तर फुगते, आणि भेग मिटते. म्हणजे घरामागे कुठेतरी पाणी मुरत असणार. नळ फुटलेला, मोरी, नाहीतर हा मिस्त्री गुपचूप भिंतीच्या पायात पाणी सोडत असेल, घराची अब्रू राखायला.

“भाऊ, मांगं पानी टाकता का तुमी?” मी विचारलं.

“कायले टाकू? प्यायले दोन गुंड पानी आनतो बोरिंगवरून.” त्यानं भेगेवरून अंगठा फिरवला. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी चहा ठेवला होता. “भरून राहिली ना मॅडम? मले मालूम होतं. घाव भरते तशी भरून राहिली. तिच्या हातचा गारा आहे त्यात.”

त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी पाण्याचं पुन्हा विचारलं नाही. बायको गेलेल्या माणसाचं घर स्वतःहून बरं होत होतं. कोणाला नको असेल?

मग मी भिंत वाजवून पाहिली. हेही आमच्या कामात येतं. हातोडीच्या दांड्यानं गिलाव्यावर हळूहळू ठोकत जायचं. जिथे गिलावा सुटलेला असेल तिथे पोकळ आवाज येतो. दुपारची वेळ. वीरेंद्र ओसरीत भाजी चिरत होता, गुंजन शाळेला सुट्टी म्हणून शेजारच्या रुखमिणीबाईंकडे खेळायला गेली होती. खोलीत माझ्या ठोक्यांशिवाय आवाज नव्हता. टक्, टक्, टक्. भरीव. पुन्हा भरीव. विटा खरोखर छान बसवल्या होत्या त्यानं.

खाटेच्या वर, माझ्या छातीच्या उंचीवर, आवाज बदलला.

पोकळ नव्हता तो. पोकळ आवाज मला ओळखू येतो. हा दबका होता, मऊ. ठसका लागलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारावी, तसा. दोन वीत रुंद आणि हातभर लांब एवढ्याच जागेत.

मी तिथे तळवा ठेवला. भिंत गरम होती. ही उत्तरेची भिंत, तिच्यावर दिवसभर ऊन येत नाही. बाजूला हात ठेवला, गार. पुन्हा तिथे ठेवला, गरम. मी लगेच कारणं शोधली: टिनाची धग, पलीकडे कोणी शेगडी पेटवली असेल, माझाच हात तापला असेल. तिन्ही कारणं मी वहीत लिहिली आणि तिन्ही खोडली.

हातोडी मात्र मी पिशवीत ठेवून दिली. का ते सांगता येत नाही. उगीचच ठोकत होते असं वाटलं, आणि वाईट वाटलं.

४

मग मी मागे गेले.

भिंत आणि तलावाची पाळ यांच्या मध्ये जेमतेम चार हात जागा आहे. तिकडे दार नाही, कोणाचं जाणंयेणं नाही. मागच्या पावसाळ्यात माजलेला रानटी तरोटा तिथेच उभा वाळला होता. तो मोडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि माझ्या आधी तो कोणीच मोडलेला नव्हता. जमीन कोरडीठाक, पाऊल वाजत होतं. पाणी मुरत असल्याचं माझं म्हणणं तिथेच संपलं.

भेगेच्या बरोबर मागे, भिंतीपासून दीड फुटावर, जमिनीत दोन खळगे होते.

आधी वाटलं उंदीर. मग वाटलं कुत्र्यानं उकरलं. मी खाली बसले आणि टेप काढला, कारण टेप काढल्याशिवाय मला विचार करता येत नाही. दोन्ही खळगे सारखेच, एकमेकांपासून हातभर अंतरावर. भिंतीकडची बाजू खोल आणि गोल, पलीकडची उथळ आणि पसरट. खोली अडीच इंच. लांबी पावणेनऊ.

कोणी भिंतीला पाठ लावून, टाचा रोवून, जीव खाऊन रेटत उभं राहिलं तर जमिनीत असेच खळगे पडतात. हे मला तेव्हाच कळलं, आणि कळल्यावर मी ते कळू दिलं नाही. मुलं खेळत असतील, असं लिहिलं. मे महिन्यातल्या त्या दगडासारख्या मातीत अडीच इंच.

उजव्या खळग्यात पुढे बोटांचे ठसे होते. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती एक गोल वळ उमटला होता, आणि तो वळ साधा नव्हता. पिळलेल्या दोऱ्याचे बारीक बारीक आटे त्यात दिसत होते.

मी उठले तेव्हा माझा गुडघा भिंतीला लागला. भिंतीच्या या बाजूनं एक आवाज आला. वजन पेलणारं माणूस पाय बदलताना नाकातून सोडतं तेवढाच. मी तरोटा तुडवत, टेप तसाच लोंबता ठेवून, रस्त्यावर आले.

सानगडीपर्यंत सोडणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं विचारलं, “काहून बाई, तब्येत बरी नाही का?”

“ऊन लागलं,” मी म्हटलं.

५

चौथ्या गुरुवारी सरांना मी ओढूनच नेलं. काय पाहिलं ते सांगितलं नाही, फक्त आकडे पुढे ठेवले. अकरा, नऊ, सात.

त्या दिवशीही सातच निघाले. सरांनी स्वतः वाचलं. मग त्यांनी ओळंबा काढला, स्टुलावर चढून वरून सोडला आणि दोरीचा झोका थांबेपर्यंत दोघंही थांबलो.

“बाहेर किती?” सरांनी विचारलं.

“साडेचार इंच.”

“नऊ फुटात साडेचार इंच बाहेर.” सर स्टुलावरून उतरले. “हे भिंत उभीच राहू शकत नाही, पोरी. हे आतापर्यंत तलावाकडे पडाले पाह्यजे होती. वरची छपराची कैची घेऊन.”

“अन् भेग?”

“भेग आपोआप मिटत नसते. तिकडून कोनी दाबून धरलं तर मिटते.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय आहे तिकडून?”

मी त्यांना मागे नेलं. खळगे आता चार इंच खोल झाले होते. सरांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता ते उंदीर म्हणतील, आणि मी देवाशप्पथ विश्वास ठेवला असता.

सरांनी पायातल्या चपला काढल्या. बाजूला नीट ठेवल्या आणि त्या खळग्यांपासून जरा लांब, अनवाणी उभे राहिले.

“या मिस्त्रीची बायको गेली, मनलं होतं ना तू?” त्यांनी विचारलं. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

परत जाताना एसटीत ते खिडकीबाहेर पाहत बोलले. “आकड्यानं पाहिलं तर बारा घराईत सात नंबर सगळ्यात चांगलं. यादीत बसत नाही.”

“सर, पन भिंत...”

“झुकली आहे, हे मी लिहीन. पन झुकलेली भिंत हलून नाही राहिली, हेही लिहाच लागते. गाववाले मनतीन, मंग राहू दे. मिस्त्री तर मननच. कोन धरून आहे, हे लिहाले आपल्या फारमात रकाना नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पन घरमालकासंग बोलाले सही लागत नाही. पुढच्या गुरुवारी जाशीन तू. एकटी जा. तुले वाचता येते थे भिंत.”

मला ते कौतुक नको होतं. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तेच येत होतं. एक बाई. दोन महिने उभी. खाटेवर झोपलेल्या लेकराच्या पलीकडे, विटेच्या एका थराइतक्या अंतरावर.

६

तो शेवटचा, यादी द्यायचा गुरुवार होता. गावात यादी देऊन मी सातव्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. वीरेंद्र ओसरीत होता, गुंजन आत झोपलेली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि एक हात भिंतीला लावलेला, आईच्या पोटावर टाकावा तसा.

मी व्हर्नियर लावला. सात. जरासुद्धा हललेली नव्हती. मला एकदम हायसं वाटलं.

तेवढ्यात भेगेतून चिमूटभर माती सुटली आणि गुंजनच्या चादरीवर पडली. मग आणखी थोडी. माझ्या डोळ्यांदेखत व्हर्नियरचं टोक भेगेत सैल झालं. सात. साडेसात. आठ. पलीकडून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, कोरड्या मातीत ओरखडा काढल्याचा, आणि त्यामागून दाबलेला, दातांमधून ओढलेला श्वास. माती पडायची थांबली. आठ. सात.

गुंजन कूस बदलून झोपेतच काही तरी चघळल्यासारखी करत राहिली.

मी तिला उचललं. सहा वर्षांचं लेकरू झोपेत केवढं जड लागतं. ओसरीत आणून वीरेंद्रच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, “भाऊ, घर खाली करा. आत्ता.”

“काहून? भेग वाढली?”

“नाही वाढली.”

“मंग?” तो हसला. “तुमच्याच कागदावर आहे ना, सगळ्याईत चांगलं घर. हे घर सोडून मी शाळेत झोपू? मॅडम, तुमाले नाही समजनार. रिता आहे या घरात. मले रोज वाटते. भिंतीले हात लावला का वाटते. तिले एकटीले सोडून मी कोठी जाऊ?”

“तिच्याचसाठी मनतो ना जी!” मी ओरडलेच. मतं टिफिनात ठेवायची वेळ निघून गेली होती. “या इकडं. या मांगं.”

गुंजनला रुखमिणीबाईंच्या हवाली करून तो माझ्यामागे आला, चिडून, घाम पुसायचा दुपट्टा खांद्यावर टाकत. भिंतीमागे आल्यावर मीच आधी थांबले.

खळगे आता खळगे राहिले नव्हते. त्यांचे चर झाले होते. भिंतीपासून तलावाकडे ओढले गेलेले, हातभर लांब. पाय निसटत होते. प्रत्येक वेळी निसटून पुन्हा रोवलेल्या टाचांच्या खुणा होत्या, एकीपुढे एक, पायऱ्यांसारख्या. शेवटच्या दोन तर ताज्या होत्या. त्यांच्या कडेची माती अजून घरंगळत होती.

वीरेंद्र खाली बसला. त्यानं उजव्या पावलाच्या ठशात बोट घातलं आणि तो गोल वळ चाचपला. किती तरी वेळ तो बोट काढेना.

“जोडवं सैल होतं तिले,” तो म्हणाला. “बाळंतपनात पाय सुजले होते, तवा मोठं केलं होतं, मंग लहान कराले वेळच नाही भेटला. दोरा गुंडाळे त्याले. काळा दोरा.”



“मले वाटे, थे आहे. भेटाले येते आपल्याले. मी इकडून हात लावून मजेत बसो.” त्याचा आवाज फाटला. “अन् थे इकडं वज्जं घेऊन उभी.”

“भाऊ...”

“तुमाले मालूम आहे का मॅडम? रेजाले डोक्यावरचं घमेलं आपल्या हातानं उतरवता येत नाही. भरलं असलं तर नाहीच. मान मोडते. चढवाले एक मानूस लागते अन् उतरवाले एक लागते. कोनी घेतलं नाही तर थे तशीच उभी राहते. माहं एखाद् वेळ लक्ष नसे, मी वरतं वीट लावत राहो, अन् थे खाली उभीच. आवाज नाही दे. मी पाहीन तवा पाहीन.”

तो उठला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि घरात गेला.

७

घर रिकामं करायला पाऊण तास लागला. खाट, पेटी, भांडी, गुंजनचं दप्तर, देवघरातला लाकडी पाट. मी उचलू लागले, शेजारचे दोघंतिघं आले. कोणी विचारलं की यादीत नाव आलं का, तर वीरेंद्र म्हणाला, “आलं.” सगळं सामान रुखमिणीबाईंच्या अंगणात लागलं. शेवटी त्यानं मला विचारलं, “काही राहिलं का आतमंधी?” मी दोन्ही खोल्या फिरून आले. काही राहिलं नव्हतं. भिंतीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या.

मला वाटलं, आता तो येऊन आमच्यात उभा राहील. तो वळून घरामागे गेला.

“भाऊ, तिकडं नोका जाऊ!” मी धावले. “भिंत बाहेर झुकली आहे! पडली का तुमच्या अंगावरच पडन!”

ओळंबा कधी खोटं बोलत नाही. साडेचार इंच बाहेर, म्हणजे ती बाहेरच पडणार. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी तरोट्याच्या कडेशी पोचले आणि पुढे माझे पाय जाईनात.

वीरेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. ते दोन चर त्याच्या पावलांपाशी संपत होते. त्यानं दोन्ही हात वर केले, आपल्या डोक्याच्या जरा खालच्या उंचीवर, तळवे समोरासमोर, घमेल्याच्या दोन कडा धराव्यात तसे.

“गुंजन बाहेर आहे,” तो म्हणाला. “मीही बाहेर आहो. सगळं बाहेर आहे, पाह्य.”

काही झालं नाही. तलावाकडून एक वाऱ्याची झुळूक आली आणि गेली.

“दे, रिता. दे आता इकडं. मले दिसलं नाही व. आता दिसलं.”

भिंतीतून लांब, खोल हुंकार आला. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते, पण माझ्या कामात डोळे मिटायची सवय मोडते. भिंतीचा मधला भाग थरथरला. साडेचार इंच बाहेर झुकलेली ती भिंत सरळ झाली, ओळंब्यात आली, क्षणभर तशी उभी राहिली. आणि मग कोणी दोन्ही हातांनी शेवटचं लोटावं तशी ती आत, रिकाम्या खोलीत कोसळली. टिनं तिच्यामागून गेली. एक वीटसुद्धा वीरेंद्रच्या बाजूला आली नाही.

धूळ उठली. लाल, कोरडी, सगळीकडे. पाळ दिसेना, घर दिसेना. फक्त त्याच्या वर केलेल्या दोन हातांच्या मधोमध धूळ बसत नव्हती. तिथे तेवढीच जागा मोकळी होती, एका डोक्याची आणि दोन खांद्यांची, वजन उतरल्यावर बाया मान जरा पुढे टाकतात तशी पुढे झुकलेली. मी ते पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, तीन श्वास असतील.

त्यानं हात हळूहळू खाली आणले आणि जे काही हातात होतं ते सांडू न देता जमिनीवर ठेवलं. मग खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि समोरच्या त्या मोकळ्या जागेवर, कपाळ असेल तिथून, कानशिलापासून हनुवटीपर्यंत, मानेपर्यंत, सावकाश पुसत राहिला. कधी काळी कामावर, सगळ्यांच्या देखत, त्याला हे करता आलं नसेल.

“बस आता,” तो म्हणत होता. “सावलीत बस जराशी.”

धूळ भरत आली आणि ती जागा दिसेनाशी झाली. मी रडत होते, आणि लोक जमले तरी मला ते लपवावंसं वाटलं नाही.

गुंजनची हाक आली तसा तो भानावर आला. “बाबा! बाबा, कोठी आहेस?” त्यानं दुपट्टा माझ्या हातात कोंबला आणि तरोटा तुडवत तिच्याकडे पळाला. माझ्या जवळून गेला तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. कपाळ, गाल, मान, सगळ्यावर विटांच्या धुळीचा कोरडा थर होता, कुठेही न पुसलेला.

हातातला दुपट्टा चिंब ओला होता.